भिंतीतली भेग आणि घराची किंमत

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेणाऱ्याची फजिती सांगणारी म्हण मात्र माझ्या तरी ऐकण्यात नाही. वास्तविक तिची गरज कमी नाही. किंमत ठरते, विसाराची रक्कम हातात पडते, घरोघर पेढे जातात. आणि मग कोणी तरी जाणता मनुष्य घराची पाहणी करावयास येतो. तो आढ्याकडे पाहतो, तुळईवर काठीने दोन ठोके देतो, आणि भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज येतो. तुळई वाळवीने आतून खाल्लेली असते. किंवा मागल्या भिंतीची भेग गिलाव्यापुरती नसून थेट पायापर्यंत गेली आहे, असे तो सांगतो. घर तेच, घेणारा तोच, देणारा तोच. बदलले ते एवढेच, की काल जे कोणालाच ठाऊक नव्हते, किंवा एकालाच ठाऊक होते, ते आज दोघांनाही ठाऊक झाले. आता ठरलेल्या किमतीचे काय करावयाचे?

घेणारा म्हणतो, “मी धडक्या घराची किंमत कबूल केली होती, मोडक्या घराची नव्हे.” विकणारा म्हणतो, “घर तुमच्या डोळ्यांसमोर होते. शब्द दिला तो दिला.” दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि दोघांचेही बरेच काही पणाला लागलेले असते. घेणाऱ्याने जन्माची पुंजी त्या घरात ओतावयाची असते. विकणाऱ्याने त्याच पैशाच्या भरवशावर दुसरे घर बघितलेले असते किंवा मुलीचे लग्न ठरविलेले असते. म्हणून हा प्रश्न नुसत्या घासाघिशीचा नाही, तो न्यायाचा आहे. आणि तो आजचाही नाही. दोन हजारांहून अधिक वर्षे निरनिराळ्या देशांतील कायदेपंडित, तत्त्वज्ञ आणि व्यवहारी माणसे त्याच्याशी झगडत आली आहेत. त्यांनी दिलेल्या उत्तरांचा थोडक्यात मागोवा घ्यावा, असा आज विचार आहे.

आरंभ रोमपासून करू. प्राचीन रोममध्ये बाजारपेठेवर देखरेख करणारे ईडाइल नावाचे अधिकारी असत. बाजारात मुख्यतः ज्या दोन प्रकारच्या विक्रीत फसवणूक चाले, ती म्हणजे गुलामांची आणि जनावरांची. माणसाला माणूस विकत असे, ही त्या काळाला लागलेली काळिमाच होय. तथापि विक्रीच्या कायद्यातील एक महत्त्वाची कल्पना याच बाजारात जन्मास आली, हे नाकारता येत नाही. ईडाइलांनी जाहीरनाम्याने असे बजावले, की विकणाऱ्याने मालातील रोग व दोष आधी उघड सांगितले पाहिजेत. ते न सांगितल्यास घेणाऱ्याला दोन मार्ग मोकळे असत. पहिला मार्ग म्हणजे सहा महिन्यांच्या आत माल परत करून पैसे परत घेणे. दुसरा मार्ग म्हणजे एका वर्षाच्या आत, माल आपल्याकडेच ठेवून, दोषाच्या मानाने किंमत कमी करून मागणे. या दुसऱ्या दाव्याला लॅटिन भाषेत ‘क्वांती मिनोरिस’ असे नाव होते. ‘किती कमी’, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये जो मोठा विधिसंग्रह प्रसिद्ध केला, त्यात हा नियम जमीन व घरे यांसारख्या स्थावर मालमत्तेलाही लागू असल्याचे नमूद झाले.

हे दोन शब्द वाटतात साधे. पण त्यांत मोठे शहाणपण साठलेले आहे. दोष निघाला म्हणजे व्यवहार एक तर जसाच्या तसा पाळावा, नाही तर मोडून टाकावा, असे दोनच पर्याय पुष्कळांना दिसतात. रोमन लोकांनी तिसरा दाखविला: व्यवहार टिकवावा आणि किंमत बदलावी. शिवाय ती किती बदलावी याचे मापही दिले. दोष ठाऊक असता तर या माणसाने किती कमी दिले असते, तेवढेच कमी करावे. विकणाऱ्याला शिक्षा म्हणून अधिक नव्हे, किंवा घेणाऱ्याला कंटाळवून गप्प बसविण्यासाठी थोडके नव्हे.

हे माप पुढे आणखी काटेकोर झाले. १९०० साली जर्मनीत जो दिवाणी कायदा अमलात आला, त्यात असे सांगितले होते, की निर्दोष मालाची किंमत आणि सदोष मालाची किंमत यांचे जे प्रमाण, त्याच प्रमाणात ठरलेली किंमत उतरवावी. वर्गात त्रैराशिक शिकविताना देण्याजोगे हे उदाहरण आहे. समजा, एखादे घर निर्दोष असते तर बाजारात ५० लाख रुपयांना गेले असते. तुळया कुजलेल्या असल्यामुळे ते ४० लाखांचेच आहे. आणि ठरलेली किंमत ४५ लाख आहे. आता किंमत किती कमी करावयाची? कोणी म्हणेल, दहा लाख. कायदा म्हणतो, नाही. घराचे मोल पाचांतील चार भाग उरले, तेव्हा ठरलेल्या किमतीचेही चारच भाग द्यावेत. म्हणजे ३६ लाख. घेणाऱ्याने मुळात जो किफायतीचा सौदा केला होता, त्याचे प्रमाण अशाने जसेच्या तसे राहते. सौदा महागात झालेला असता, तर विकणाऱ्याचा फायदाही त्याच न्यायाने टिकला असता. कोणाचे चातुर्य हिरावून घेतले जात नाही. फक्त लपलेल्या दोषाचा भार ज्याचा त्याच्या अंगावर पडतो.

पण गणित नंतरचे. मूळ प्रश्न असा, की दोष सांगण्याचे कर्तव्य विकणाऱ्यावर आहे काय? यासंबंधी सिसेरो या रोमन वक्त्याने ख्रिस्तपूर्व ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात घरांच्याच दोन खटल्यांची हकीगत दिली आहे. रोममधील सीलियन टेकडीवर क्लॉडियस सेंटुमॅलस नावाच्या गृहस्थाचे उंच घर होते. शकुन पाहणाऱ्या राजमान्य पुरोहितांना आकाशाचा जो भाग मोकळा हवा होता, तो या घराने अडत असे. म्हणून उंच भाग पाडून टाकावा, असा हुकूम त्यांनी काढला. क्लॉडियसने तो पाडला तर नाहीच. उलट घर विक्रीला काढले, आणि कॅल्पर्निअस लॅनेरिअस याने ते विकत घेतले. लगेच तोच हुकूम नव्या मालकावर आला. त्याने निमूटपणे घराचा भाग पाडला. मागाहून त्याला कळले, की विकणाऱ्याला हे सारे आधीच ठाऊक होते. खटला मार्कस केटोपुढे गेला. इतिहासात गाजलेल्या धाकट्या केटोचा हा पिता. त्याने निकाल दिला, की विकणाऱ्याला गोष्ट ठाऊक होती आणि त्याने ती सांगितली नाही. सबब घेणाऱ्याचे नुकसान त्याने भरून द्यावे.

दुसरा खटला याहून मार्मिक आहे. कालवांची शेती करून प्रसिद्धीस आलेल्या सर्जिअस ओराटाने एक घर ग्रॅटिडिअनसला विकले, आणि काही वर्षांनी ते त्याच्याकडूनच परत विकत घेतले. त्या घरावर दुसऱ्याचा काही हक्क चालत होता, आणि परत विकताना ग्रॅटिडिअनसने त्याचा उल्लेख केला नाही. ओराटाने तक्रार केली. त्याचा वकील म्हणाला, दोष ठाऊक असून सांगितला नाही, तेव्हा भरपाई दिलीच पाहिजे. दुसऱ्या बाजूचा वकील म्हणाला, ज्याने हे घर पूर्वी स्वतःच विकले, त्याला हा हक्क ठाऊक नव्हता काय? ज्याला सारे ठाऊक आहे तो फसला कसा? या खटल्याचा निकाल सिसेरो सांगत नाही. परंतु त्याने दाखविलेली सीमा स्पष्ट आहे. किंमत उतरविण्याचा हक्क अज्ञानातून निर्माण होतो. जे आधीच ठाऊक होते, त्याचे निमित्त करून मागाहून भाव पाडता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या धर्मशास्त्रात ‘क्रीतानुशय’ म्हणजे खरेदीनंतरचा पश्चात्ताप, हे व्यवहाराचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. खरेदीविक्रीचा पस्तावा झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत करता किंवा मागता येते, असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्याने पारखण्याची मुदत वस्तूगणिक वेगळी दिली आहे: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि बियाण्याला दहा दिवस. दोष उघडकीस यावयास ज्याला जितका वेळ लागतो, तितकी मुदत. नारदस्मृतीचा कटाक्ष याहून व्यवहारी आहे. घेणाऱ्याने आधी स्वतः गुणदोष पारखून घ्यावेत. पारखून पसंत केलेला माल परत करता येणार नाही, असे ती बजावते. त्याच दिवशी परत केल्यास पूर्ण पैसे. दुसऱ्या दिवशी केल्यास किमतीचा तिसावा भाग कापावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर माल घेणाऱ्याचा. उशिराचीही एक किंमत असते, हे तत्त्व यात स्पष्ट दिसते.

घराच्या विक्रीबद्दल कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्वतंत्र नियम आहेत. विकत घेण्याचा पहिला मान भाऊबंदांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा आणि त्यानंतर बाहेरच्यांचा. विक्री शेजारच्या कुळांतील माणसांसमोर, त्या घराच्याच पुढे पुकारावी. किंमत तीन वेळा उच्चारून कोणी हरकत घेतली नाही, तर घेणाऱ्याने घर घ्यावे. चढाओढीने किंमत वाढली, तर ती वाढ करासह राजाच्या खजिन्यात जावी. या व्यवस्थेत घराची पाहणी करणारा वेगळा अधिकारी नाही. पण घराच्या दारात उभे असलेले शेजारी हेच एक प्रकारचे परीक्षक होत. पावसाळ्यात कोणती भिंत पाझरते, हे शेजाऱ्याइतके कोणाला ठाऊक असते? आपल्या पुढच्या काळातील खरेदीखतांनीही हाच वळसा घेतला. त्यांत चतुःसीमा असते, हक्कसंबंधाची ग्वाही असते, कोणी हिला-हरकत केल्यास निवारण करून देण्याचे वचन असते. भिंतींच्या आरोग्याविषयी मात्र ती सहसा मौन पाळतात. मालकी कागदावर तपासावी आणि भिंत डोळ्यांनी, अशी ती वाटणी होती.

युरोपात मधल्या काळात हा प्रश्न धर्मपंडितांच्या हाती गेला. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास याने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात, विकणारा दोष सांगण्यास बांधलेला आहे काय, हा प्रश्न सरळ उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर समतोल आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असला तर ते घेणाऱ्यालाही दिसते. तेव्हा किंमत योग्य तेवढी कमी ठेवली असेल, तर विकणाऱ्याने दोषाचा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यापासून नुकसान किंवा धोका संभवत असेल, तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. उदाहरणे म्हणून त्याने वेगवान म्हणून विकलेला लंगडा घोडा आणि मजबूत म्हणून विकलेले पडके घर, ही दोन घेतली आहेत. रोमन कायदा आणि ही नीती यांचा वारसा युरोपखंडातील पुष्कळ देशांकडे आला. फ्रान्सच्या १८०४ सालच्या दिवाणी कायद्यात, लपलेला दोष निघाल्यास घर परत करावे की ठेवून घेऊन किमतीचा काही भाग परत मिळवावा, ही निवड घेणाऱ्यावर सोपविलेली आहे.

इंग्लंडने मात्र वेगळी वाट धरली. तेथील न्यायालयांचे सूत्र असे, की घेणाऱ्याने जपावे. विकणाऱ्याने खोटे बोलू नये, फसवणूक करू नये, हे खरे. पण गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे. १८५१ साली एका गाजलेल्या खटल्यात प्रश्न आला, की घर मोडकळीस आलेले व धोकादायक आहे हे ठाऊक असूनही मालकाने ते भाड्याने देताना भाडेकरूला सांगितले नाही, तर तो दोषी होतो काय? न्यायालयाने उत्तर दिले, नाही. भाडेकरूने स्वतः चौकशी करावयास हवी होती. घरांच्या विक्रीतही हाच दंडक होता. हा नियम कठोर वाटतो, आणि आहेही. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. विकणारा बोलणार नाही हे एकदा ठरल्यावर, घेणाऱ्याला बोलणारा दुसरा कोणी तरी शोधणे भाग पडले. त्यामुळे जमीन व इमारती मोजणाऱ्या आणि पारखणाऱ्या माणसांच्या धंद्याला महत्त्व आले. या लोकांनी १८६८ साली लंडनमध्ये आपली संस्था स्थापन केली; १८८१ साली तिला राजसनद मिळाली. ओल, वाळवी, खचलेला पाया, वाकलेले छप्पर यांचा लेखी अहवाल देणारा परीक्षक आज तेथील घरखरेदीचा नित्याचा भाग झाला आहे. त्याच्या प्रचलित अहवालात घराच्या एकेका भागाला रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा वा तांबडा शेरा मिळतो, म्हणजे सामान्य माणसालाही धोका कोठे आहे ते उमगते.

येथेच किंमत पुन्हा ठरविण्याची आधुनिक रीत जन्मास आली. इंग्लंडमध्ये घराची किंमत तोंडी ठरली तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही कायद्याने बांधलेला नसतो. या मधल्या काही आठवड्यांतच परीक्षकाचा अहवाल येतो. छप्पर दुरुस्तीला इतके, पाया सावरण्याला इतके, असा हिशेब पुढे करून घेणारा किंमत कमी करण्यास सांगतो. कधी विकणारा ती उतरवितो, कधी दुरुस्ती करून देतो, कधी दोघे खर्च वाटून घेतात, आणि कधी व्यवहार फिसकटतो. रोमन घेणाऱ्याला जे न्यायाधीशाकडे मागावे लागे, ते येथे माणसे आपसात मागू लागली.

पण मोकळीक आली म्हणजे तिचा गैरवापरही आला. मधल्या काळात दुसरे अधिक पैसे देणारे गिऱ्हाईक गाठून विकणारा किंमत वाढवी. त्याला तेथे ‘गझम्पिंग’ हे नाव पडले. आणि विकणाऱ्याने सामान बांधले, त्याचे नवे घर ठरले, आता त्याला मागे फिरता येत नाही असे पाहून, अगदी शेवटच्या दिवशी घेणारा भाव पाडी; त्याला ‘गझन्डरिंग’ म्हणू लागले. या दुसऱ्या प्रकारात पुष्कळदा अहवालातल्या क्षुल्लक दोषाचे निमित्त केले जाते. भेग बोटभर असते आणि मागणी हातभर. ग्रॅटिडिअनसच्या वकिलाचा युक्तिवाद येथे आठवतो. दोष नवा कळलेला असला पाहिजे, आणि मागणी दोषाच्या मापाची असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी नसतील, तर ती किमतीची दुरुस्ती नव्हे. अडलेल्याची अडवणूक होय.

परीक्षकावर विसंबलेल्या घेणाऱ्याला परीक्षकच चुकला तर काय, हा प्रश्नही इंग्लंडमध्ये उपस्थित झाला. नॉर्विच शहरात १९८० साली एका बाईने बेताच्या किमतीचे घर घेतले. तिला कर्ज देणाऱ्या संस्थेने नेमलेल्या परीक्षकाने, महत्त्वाची दुरुस्ती काही नाही, असा अहवाल दिला होता. त्या घरात पूर्वी कोणी तरी खालच्या मजल्यांवरील धुराड्यांचे आधार काढून टाकले होते आणि वरचा भाग तसाच अधांतरी ठेवला होता. सुमारे दीड वर्षानंतर त्या विटा छत फोडून खाली कोसळल्या. परीक्षकाचे म्हणणे, माझा करार संस्थेशी, बाईशी नव्हे. शिवाय जबाबदारी नाकारणारे कलम कागदावर छापलेले होते. १९८९ साली इंग्लंडच्या उमराव सभेच्या न्यायपीठाने हे म्हणणे फेटाळले. साध्या घराचा सामान्य घेणारा या अहवालावरच विसंबतो, हे परीक्षकाला ठाऊक असते, आणि पाहणीची फी अखेर तोच भरतो. म्हणून परीक्षकाचे उत्तरदायित्व त्याच्याशीही आहे, असा तो निर्णय होता. ज्याच्या शब्दावरून किंमत ठरते किंवा उतरते, त्याचा शब्द जबाबदारीचा असला पाहिजे, हे त्यातून सिद्ध झाले.

याच्या पुढचे पाऊल स्कॉटलंडने टाकले. तेथे घर घेऊ इच्छिणारा प्रत्येक मनुष्य बोली देण्यापूर्वी आपल्या खर्चाने पाहणी करवी. घर मिळे एकालाच, बाकीच्यांचे पैसे वाया जात. १ डिसेंबर २००८ पासून नियम आला, की घर विक्रीला काढतानाच विकणाऱ्याने स्वतंत्र परीक्षकाकडून पाहणी करून तिचा अहवाल इच्छुकांपुढे ठेवावा. म्हणजे दोष आधी, किंमत मागून. इंग्लंडमध्येही २००७ साली विकणाऱ्याने घराची माहितीपत्रके तयार ठेवण्याचा नियम झाला होता. परंतु घराच्या स्थितीचा अहवाल त्यात सक्तीचा नव्हता, आणि २०१० साली तो नियमच स्थगित झाला. स्कॉटलंडचा नियम टिकला. दोष आधी समोर ठेवणे म्हणजे विकणाऱ्याचे नुकसान नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. उघड सांगितलेल्या दोषाची किंमत एकदाच मोजावी लागते. लपविलेल्या दोषाची किंमत पैशाने मोजून पुन्हा अब्रूनेही मोजावी लागते.

आपल्याकडील कायदा या दोन वाटांच्या मधून जातो. १८८२ साली झालेला मालमत्ता हस्तांतराचा कायदा मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमात, इंग्लंडच्या गप्प बसण्याच्या नियमाहून पुढे जाऊन, असे सांगितले आहे, की मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही जो त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही कायद्याच्या दृष्टीने लबाडी ठरते. ‘साधारण काळजी’ हे शब्द मात्र विसरू नयेत. डोळ्यांना दिसणारी भेग न पाहणाऱ्याची कैफियत न्यायालय ऐकणार नाही. गंमत अशी, की हेच कलम घेणाऱ्यालाही सोडीत नाही. विकणाऱ्याच्या हक्काचे मोल वाढविणारी एखादी गोष्ट घेणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर ती त्यानेही सांगावी, असे ते म्हणते. प्रामाणिकपणा एकतर्फी नाही.

गोव्यात पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० पासून चालू होती. तिने रोमन परंपरेला आवर घातला होता. नुसत्या दोषाच्या सबबीवर विक्री मोडता येत नसे. त्या दोषामुळे आपली संमतीच चुकीच्या समजुतीवर आधारलेली होती असे दाखवावे लागे, किंवा करारात तशी स्पष्ट अट असावी लागे. १९६१ च्या मुक्तीनंतर काही वर्षांनी तेथेही भारताचा हस्तांतर कायदा लागू झाला. अलीकडे, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, नव्या इमारतींच्या बाबतीत ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीतला दोष दाखवून दिल्यास, तो तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करण्याचे कर्तव्य बांधणाऱ्यावर टाकले आहे. हे संरक्षण नव्या घरांना आहे. जुन्या वाड्याच्या, कौलारू घराच्या किंवा दुसऱ्या हातच्या सदनिकेच्या खरेदीत घेणाऱ्याला ५५ वे कलम आणि स्वतःची सावधगिरी यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागते.

श्रोतेहो, या सगळ्या इतिहासातून मला जे दिसते, ते असे. घराच्या व्यवहारात भांडण दोषामुळे होते त्यापेक्षा दोष उशिरा कळल्यामुळे अधिक होते. विसार देण्यापूर्वी कळलेली वाळवी ही किमतीतली एक बाब असते. विसारानंतर कळलेली वाळवी हा वाद होतो. खरेदीखतानंतर कळलेली वाळवी हा खटला होतो. वाळवी तिन्ही वेळा तीच. म्हणून विसार देण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून घर पाहून घ्यावे. ते शक्य नसेल, तर विसारपावतीतच लिहून ठेवावे, की अमुक दिवसांत पाहणी होईल आणि महत्त्वाचा दोष निघाल्यास किंमत नव्याने ठरेल किंवा विसार परत मिळेल. एवढी एक ओळ पुढची पुष्कळ कटुता वाचविते.

आणि तरीही दोष मागाहून निघालाच, तर दोघांनीही तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हा दोष खरोखर नवा कळला आहे काय? तो महत्त्वाचा आहे काय? आणि तो आधी कळला असता तर किंमत किती कमी ठरली असती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर विकणाऱ्याने दिलेल्या शब्दाची ढाल पुढे करू नये. कारण तो शब्द वेगळ्या घराबद्दल दिला घेतला गेला होता. आणि घेणाऱ्याने तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापलीकडे एक रुपयाही मागू नये. कारण त्यापलीकडची मागणी दोषाची नसून विकणाऱ्याच्या अडचणीची किंमत असते. जाणत्याचा अंदाज लेखी घ्यावा, तो दोघांनी एकत्र बसून वाचावा, आणि जे ठरेल ते कागदावर उतरवावे.

घर विकणारा आणि घेणारा यांचा संबंध खरेदीखतावर सही झाली की संपतो, असे कायदा मानतो. आपल्या गावांत आणि पेठांत तसे होत नाही. जुना मालक त्याच रस्त्याने देवळात, चर्चमध्ये किंवा बाजारात जातो. नवा मालक त्याच दारात उभा असतो. दोघांना एकमेकांकडे पाहून नमस्कार करता यावा, इतपत न्याय त्या व्यवहारात झालेला असला, म्हणजे किंमत बरोबर ठरली असे समजावे.